वीस पावलांवरून नवाब

आमच्या स्टुडिओची खोली अकरा फुटांची होती, आणि माझ्या वडिलांची फोटोग्राफीविषयीची सगळी मतं त्या अकरा फुटांतच तयार झालेली होती. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. लातूरला गोलाईच्या बाजारापासून आत शिरणाऱ्या एका बोळात आमचं घर. रस्त्याच्या बाजूची खोली म्हणजे स्टुडिओ, तिच्या मागं स्वयंपाकघर, त्याच्या मागं परसदार. स्टुडिओच्या भिंतीवर नानांनी स्वतः रंगवलेला पडदा होता. त्यावर एक कारंजं, दोन हंस आणि लातूर जिल्ह्यात कुणी कधी पाहिला नसेल असा बर्फाचा डोंगर. पडद्यापुढं स्टूल, स्टुलाच्या दोन्ही अंगांना दिवे. एवढं मांडल्यावर नानांना स्वयंपाकघराच्या बंद दाराला पाठ टेकवून उभं राहावं लागे, म्हणून कॅमेऱ्यावर कायम रुंद लेन्स चढवलेली असायची. अगदी जवळ उभं राहिलं तरी त्या लेन्समधून समोरचं सगळं चौकटीत यायचं. ‘मावलं पाहिजे’ हा नानांचा शब्द. लग्नातला वऱ्हाडाचा घोळका असो, बारशाचा पाळणा असो, नाहीतर शाळेतल्या गुरुजींचा निरोप समारंभ असो, सगळे मावले की नानांच्या दृष्टीनं फोटो उत्तम झाला. ज्याला जवळून सगळं मावतं त्यानं लांब जायचं कशाला, असा त्यांचा सवाल होता, आणि त्याला उत्तर द्यायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.

घराला दोन वास होते. पुढून हायपोचा, म्हणजे फोटो धुवायच्या औषधाचा, आणि मागून फोडणीचा. दोन्ही मधल्या दारापाशी एकमेकांत मिसळायचे. अजूनही कुठं लसणाची फोडणी बसली की मला उगाच वाटतं, आत कुणीतरी फिल्म धुतंय. आवाजही तसेच. ओले फोटो नाना चकचकीत पत्र्यावर उलटे चिकटवायचे, वर रबरी रूळ फिरवायचे, आणि दुपारी ते वाळून एकेक करून आपोआप सुटायला लागले की टक् टक् असा आवाज व्हायचा. त्याच वेळी आत आईची भाकरी थापणं चाललेलं असायचं. जेवायला ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी आणि वर शेंगदाण्याची कोरडी चटणी. नाना जेवताना एका हातानं भाकरी मोडायचे आणि दुसऱ्या हातात निगेटिव्ह उजेडाला धरून बघायचे. निगेटिव्हला तेलाचं बोट लागलं की दोष मात्र आईच्या चटणीचा निघायचा.

आई माहेरची नांदेडची. जेवणं उरकली की ती मधल्या दारात पाट टाकून बसायची आणि मांजराच्या मिशीएवढ्या बारीक ब्रशानं फोटो दुरुस्त करायची. कुणाच्या गालावरचा डाग, कुणाच्या डोळ्याखालचं काळं, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे नाकं. लग्नाच्या मुलींचे स्थळासाठी काढलेले फोटो आले की आई उसासा टाकायची आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना हलकी सावली देऊन ते बारीक करायला घ्यायची. लातूरकडच्या लोकांची नाकंच जरा थोर, असं तिचं ठाम मत झालं होतं. नांदेडला अशी नाकं नसतात, असंही ती सांगायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती लातूरच्या मुलींची नाकं निस्तरत होती आणि त्यावरून नानांच्या सगळ्या घराण्याला टोमणे मारत होती. नाना स्वतःच्या नाकाला हात लावून बघायचे आणि पुन्हा निगेटिव्हकडं वळायचे. मीही ते खरंच मानत होते, कारण माझा स्वतःचा फोटो नानांनीच काढलेला होता आणि त्यातलं माझं नाक बघून मला रडू आलं होतं.

तेव्हा माझं कॉलेज नुकतंच संपलं होतं. फिल्म धुणं, फोटो छापणं, कडा कापणं ही कामं मी नानांपेक्षा चांगली करत होते, हे नानाही मान्य करायचे. पण कॅमेरा त्यांच्या गळ्यात असायचा. त्यानं तो गळा सोडून माझ्या गळ्यात येणं, यापेक्षा त्या वयात मला दुसरं काही नको होतं. साड्या नको, दागिने नको, नांदेडच्या मावशीनं आणलेलं स्थळ तर मुळीच नको. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी कॅमेऱ्याच्या त्या चामडी पट्ट्याकडं असूयेनं बघायचे.

या सगळ्याला तोंड फुटलं ते एका वळूमुळं. देवणीकडं माणसाआधी वळूचा फोटो काढतात, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो, पण त्यात फारसं खोटं नव्हतं. शिवराजअप्पा म्हणून एक बडे शेतकरी तिकडून यायचे. पांढरं धोतर, डोक्याला पटका, बोलणं कमी. त्यांच्याकडं नवाब नावाचा देवणी वळू होता. अंग पांढरं शुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या; तिकडं अशा जनावराला वानेरा म्हणतात. रुंद कपाळ, खाली लोंबते कान, मानेखाली झुलणारी पोळी, वर भरदार वशिंड. जनावरांच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्याला उतरवायचं अप्पांच्या मनात होतं. पण तिथं सरळ जनावर घेऊन जाता यायचं नाही. आधी बाजूनं काढलेला फोटो पाठवायचा, पंच तो पाहून निवड करणार, आणि निवडलेलीच जनावरं मैदानात येणार, अशी पद्धत होती.

नाना फोटो काढायला गेले तेव्हा मीही हट्टानं बरोबर गेले होते. नवाबला आंघोळ घातली होती. नाना आपल्या सवयीनं त्याच्यापासून आठ-दहा फुटांवर, खांद्याच्या बाजूला उभे राहिले. इतक्या जवळ परका माणूस आल्यावर नवाबनं मान वळवून त्यांच्याकडं रोखून पाहिलं. नाना घाबरले होते, पण त्यांनी खटका दाबला. सगळा नवाब शिंगापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत मावला होता, म्हणून परतताना एसटीत ते खुशीत होते.

पंधरा-वीस दिवसांनी अप्पा आले. फोटो पंचांकडून परत आला होता. सोबत चिठ्ठी होती: डोकं अवास्तव मोठं, पाय आखूड, मागचा भाग दुबळा. अप्पांनी फोटो काउंटरवर ठेवला आणि बोटानं नानांकडं सरकवला.

“नाना, ह्यो माझा वळू न्हाई.”

“मंग कुणाचा हाय?”

“ते तुमीच सांगा.”

मी फोटो उचलून बघितला. खरंच तो नवाब नव्हता. रेड्याएवढं डोकं आणि मागं वासराचं ढुंगण, असं काहीतरी जनावर तिथं उभं होतं. अप्पा शांतपणे म्हणाले की महिनाअखेरपर्यंत दुसरा फोटो पाठवता येतो, आणि या खेपेला ते उदगीरचा फोटोग्राफर बघणार आहेत. ते गेल्यावर नाना स्टुलावर बसले. देवणीच्या बाजारात एका अप्पानं एक शब्द टाकला की तो चार तालुक्यांत जातो, हे त्यांना माहीत होतं. जनावरांचे फोटो आमच्याकडून गेले की मागोमाग त्याच घरांतली लग्नंही जाणार होती. मला त्यांची फार दया आली. ते लबाड नव्हते, आळशी नव्हते. त्यांनी सगळं मावेल असा फोटो काढला होता.

शेवटी त्यांनी दोष कॅमेऱ्याच्या माथी मारला. बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, थकली, म्हणाले. नांदेडला जाऊन नवी बॉडी घ्यायची, असं ठरलं. त्यासाठी त्यांनी बरेच दिवस थोडंथोडं बाजूला ठेवलं होतं. मी म्हटलं, मी येते. आणि अप्पांच्या घरी निरोप धाडला की आठ-दहा दिवस उदगीरला जाऊ नका, पुन्हा एकदा आम्हीच येतो. हा निरोप मी नानांना न विचारता धाडला होता. कळल्यावर त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, पण निरोप काही परत बोलावता येत नव्हता.

नांदेडला वजिराबादच्या एका गल्लीत जब्बारभाई म्हणून म्हातारे गृहस्थ कॅमेरे दुरुस्त करायचे आणि जुने कॅमेरे-लेन्सा विकायचे. दुकान एवढंसं, आणि कपाटात काचांची नुसती गर्दी. नानांनी आत शिरल्या शिरल्या नवी बॉडी दाखवा म्हटलं. जब्बारभाईंनी आधी आमची जुनी बॉडी हातात घेतली, कानाला लावली, दहा-बारा वेळा खटका दाबला आणि परत ठेवली.

“बॉडी कू कायकू गाली देते साब? ये तो दरवाजा है. खुलता है, बंद होता है, बराबर है. दिखता जो है वो लेंस में से दिखता. पैले ये बोलो, खींचना क्या है? और पीछे सरकने कू जगा कित्ती है?”

इतकी वर्षं फोटोग्राफी करणाऱ्या माझ्या बापाला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. नाना म्हणाले, खींचना सब कुछ है. जब्बारभाई हसले आणि कपाटातून एकेक काढून दाखवायला लागले. गुरुद्वाऱ्यात येणाऱ्या जथ्यांचे फोटो काढणारे सरदारजी रुंद लेन्स नेतात, कारण त्यांना घुमट आणि माणसं दोन्ही हवी असतात आणि मागं गर्दी असते. कॉलेजातले एक प्राध्यापक गोदावरीवर पक्षी टिपतात, त्यांच्यासाठी हातभर लांब नळी. दातांचे एक डॉक्टर आहेत, त्यांना दाढेच्या आत शिरेल अशी काच. बॉडीचंही तसंच. खेळाच्या मैदानावर पळणाऱ्याला झपझप फोटो काढणारी बॉडी लागते, लग्नात फ्लॅशशी जुळणारी, आणि तुमच्यासारख्याला साधी भक्कम असली की पुरे. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते म्हणे हेच दोन प्रश्न विचारायचे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय कपाट उघडायचे नाहीत.

मी पिशवीतून नवाबचा फोटो काढून त्यांच्यापुढं ठेवला. नानांनी माझ्याकडं रागानं पाहिलं. जब्बारभाईंनी चष्मा वर केला, फोटो बघितला आणि नानांना दुकानाबाहेर उभं केलं. मग माझ्या हातात कॅमेरा दिला. माझ्या हातात, नानांच्या नाही. आधी रुंद लेन्स लावून म्हणाले, बापाचं तोंड चौकटभर होईल इतकी जवळ जा. मी गेले. समोर एक प्रचंड नाक होतं आणि त्याच्या मागं कुठंतरी लहानसे कान. मग मधली लेन्स लावली आणि तोंड तेवढंच दिसेल इतकं मला मागं सरकवलं. नाक जरा जागेवर आलं. मग एकशे पस्तीस मिलिमीटरची लांब लेन्स लावली आणि पार समोरच्या सायकलच्या दुकानापर्यंत मागं नेलं. मी डोळा लावला, आणि नाना नानांसारखे दिसले. तेच थकलेले, करारी, सरळ नाकाचे नाना, ज्यांना मी रोज जेवताना समोर बघत होते आणि ज्यांचा असा फोटो जगात एकही नव्हता. गल्लीतून सायकली जात होत्या, तरी मी डोळा काढला नाही. काच काही करत नव्हती; जवळ गेलं की जे पुढं असतं ते मोठं होतं आणि मागचं लहान, एवढीच गोष्ट होती. लांब लेन्स फक्त मला लांब उभं राहू देत होती.

मी नानांना म्हटलं, बॉडी नको, ही घेऊ. नानांनी विचारलं, स्टुडिओत एवढं मागं जायला जागा कुठं आहे? जब्बारभाईही म्हणाले की अकरा फुटांत ही लेन्स काही कामाची नाही, भिंत पाडावी लागेल. मी एवढंच म्हणाले की नवाबला रान आहे. जब्बारभाईंनी लेन्स कापडात गुंडाळून माझ्या हातात ठेवली आणि आठ दिवसांत जमलं नाही तर परत आणायला सांगितलं. नानांनी त्यात आपली अट घातली: अप्पांनी फोटो ओळखला नाही तर लेन्स नांदेडला परत जाणार, आणि मी पुन्हा कधी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. मी कबूल केलं. परतीच्या एसटीत अर्धापूरची केळी नानांच्या मांडीवर आणि लेन्स माझ्या मांडीवर होती. लोहा मागं पडलं. मग नानांनी न बघता एक केळं माझ्याकडं केलं.

अप्पांच्या शेतावर आम्ही सकाळी कोवळ्या उन्हात पोहोचलो. कॅमेरा माझ्या गळ्यात बघून अप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“पोरीला वळूजवळ कशाला धाडताय नाना? काही झालं तर?”

“मी जवळ येणारच न्हाई, अप्पा,” मी म्हटलं.

मी अप्पांना सांगितलं की नवाबला उन्हाकडं आडवा, सपाट जागेवर उभा करा, आणि पाठीवरची झूल काढा. झूल काढायला ते तयार होईनात. फोटोला जनावर सजवूनच उभं करायचं, ही तिकडची रीत. मी म्हटलं, पंचांना झूल बघायची नाही, पाठ बघायची आहे. ते त्यांना पटलं. मग मी नवाबच्या बरोबर पोटासमोरून चालायला सुरुवात केली आणि पावलं मोजत मागं मागं गेले. दहा झाली, पंधरा झाली. बांधावर बसलेल्या म्हाताऱ्यांना मजा वाटायला लागली. ‘फोटो काढतीया का पळून चालली?’ असं त्यांतला एकजण म्हणाला आणि सगळे हसले. मी वीस पावलांवर थांबले आणि खाली बसले. वरून काढलं तर पाय आखूड होतात, हे मला आता कळलेलं होतं. गुडघ्यावर कोपर टेकवलं, कारण लांब लेन्स हातात जराही हलली की फोटो पुसट होतो.

चौकटीत नवाब आला. इतक्या लांबच्या बाईशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्यानं मान वळवली नाही, डोळे वटारले नाहीत. घरच्या माणसांत उभा असतो तसा तो आपल्या तंद्रीत उभा राहिला, आणि एकदा कान झटकून त्यानं डोकं वर घेतलं. पोळी हलून स्थिर झाली. मी श्वास धरला आणि खटका दाबला. मग आणखी अकरा वेळा दाबला, पण मला ठाऊक होतं, तो पहिलाच. आयुष्यात नंतर पुष्कळ फोटो काढले. असं आधीच कळणं फार थोड्या वेळा वाट्याला आलं.

फोटो छापताना नाना मागं उभे होते. लाल दिव्याखाली मी औषधात कागद हलवत होते आणि त्यावर हळूहळू नवाब उमटत गेला. नाना ट्रे माझ्या हातातून घेऊन स्वतः हलवायला लागले. आई ब्रश घेऊन आली होती. फोटो उजेडात नेऊन तिनं पाहिला, ‘ह्याच्यात मी काय करू?’ म्हणाली आणि आत गेली.

आठवा दिवस उजाडला तेव्हा अप्पा आले. मी फोटो त्यांच्या हातात दिला आणि काउंटरची कड घट्ट धरून उभी राहिले. लेन्स कापडात गुंडाळून, नांदेडच्या पिशवीत, तिथंच काउंटरवर ठेवलेली होती. अप्पांनी फोटो लांब धरला, मग जवळ धरला. खुरांवरून, पाठीवरून, वशिंडावरून बोट फिरवलं. शेपटीपाशी त्यांचं बोट थांबलं.

“हाव,” ते म्हणाले. “ह्यो नवाब.”

एवढंच. नानांनी पिशवीतून लेन्स काढली, कापड सोडलं आणि ती आमच्या कपाटात, रुंद लेन्सच्या शेजारी ठेवली. मी परसदारी गेले आणि आईला मिठी मारून ओरडले, तेव्हा तिच्या हातातलं पिठाचं भांडं सांडलं.

नवाबची निवड झाली. पुढं मैदानात तो पहिला आला आणि त्याच्या गळ्यातल्या हारासकट अप्पांनी त्याला गावातून वाजतगाजत फिरवलं. त्यानंतर देवणीकडून, निलंग्याकडून, पार मुरुडहूनसुद्धा जनावरांचे फोटो काढायला बोलावणी यायला लागली, आणि बोलावणारे ‘लांबून काढणारी पोरगी’ असं माझं नाव सांगायचे. मी मनातून फुगले होते, कशाला खोटं बोलू. पण स्टुडिओत काहीच बदललं नव्हतं. वळूला रान आहे, माणसांना माझ्याकडं अकरा फूटच हायत, असं नाना म्हणायचे. माणसांचे फोटो अजून तेच काढायचे, त्याच रुंद लेन्सनं, गिऱ्हाइकाच्या तोंडाशी जाऊन. आणि आई नाकं निस्तरत होती.

मग एका सकाळी अप्पा आले ते धाकट्या लेकीला घेऊन. तिचं नाव गोदावरी. नांदेडचं स्थळ आलं होतं आणि तिकडच्यांनी फोटो मागितला होता. नानांनी दिवे लावले, कॅमेरा उचलला. अप्पा मात्र माझ्याकडं वळले.

“तू काढ. नवाबचा काढलास तसा. हाय तशी दिसू दे माझी लेक.”

नाना कॅमेरा हातात घेऊन तसेच थांबले. गोदावरी कारंज्यापुढं स्टुलावर बसली होती आणि मी चार फुटांवर उभी होते. मला तिचं खरं नाक दिसत होतं आणि फोटोत कसलं येणार हेही दिसत होतं. वीस पावलं कुठून आणायची? मागून भाकरी थापल्याचा आवाज आला, आणि मला एकदम कळलं की जागा होती. आम्हीच तिला दार लावून ठेवलं होतं.

मी स्वयंपाकघराचं दार उघडलं. नाना घाईनं म्हणाले की गिऱ्हाइकाला आपली चूल दिसेल. आई आतून म्हणाली, “दिसू द्या की. चूल सगळ्यांकडं असते.” मी लांब लेन्स चढवली, आत गेले, आणि मोरीच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत मागं सरले. आईला बाजूला व्हायला सांगितलं तर ती म्हणाली, भाकरी थांबणार न्हाई, तूच जरा डावीकडं हो. म्हणून मी चुलीच्या डावीकडं उभी राहिले. तवा तापलेला होता, आई थापत होती, आणि दाराच्या चौकटीतून पलीकडं चौदा फुटांवर गोदावरी बसली होती. नाना बाजूला झाल्यामुळं तिच्या तोंडासमोर कुणीच नव्हतं. भाजल्या भाकरीचा वास तिच्यापर्यंत गेला असावा, कारण तिनं हळूच विचारलं, “काकू, आंबाडी हाय का?” आई हसली, ती हसली, आणि मी खटका दाबला.

तो फोटो मी नेहमीसारखा आईकडं नेला. तिनं पाटावर बसून ब्रश ओला केला, फोटो मांडीवर घेतला आणि नाकाकडं बघितलं. मग मान वाकडी करून स्टुडिओत पाणी पीत असलेल्या गोदावरीकडं बघितलं. पुन्हा फोटोकडं. बराच वेळ तिचा ब्रश हवेतच होता.

“इतकी वर्षं मी लातूरच्या नाकांना नावं ठेवली,” ती म्हणाली. “ती नाकं तर तुझ्या बापानं केलती.”

पुढच्या खोलीत नाना ते ऐकत होते, आणि मला वाटलं आता भडकतील. पण ते इतके मोठ्यानं हसले की अप्पांनाही हसू आलं. आईनं ब्रश धुऊन फडताळात उभा ठेवला आणि अप्पांना जेवायला थांबायचा आग्रह केला. गोदावरीचं त्या स्थळी जमलं. तिच्या सासूनं नंतर सांगितलं म्हणे, की पोरगी फोटोत होती तशीच घरात आली.

आता माझी नात फोनवर स्वतःचे फोटो काढते आणि नाक मोठं येतं म्हणून कुरकुरते. मी तिला सांगते, हात लांब कर, नाहीतर दुसऱ्याला काढायला सांग. कोणती बॉडी घेऊ, कोणती लेन्स घेऊ, असं विचारत नवे फोटोग्राफर अजून माझ्याकडं येतात. मी त्यांना जब्बारभाईंचे दोन प्रश्न विचारते. बहुतेकांना पहिल्याचं उत्तर येतं, दुसऱ्याचं येत नाही.

गोदावरीच्या फोटोनंतर दुसऱ्याच दिवशी एक कुटुंब स्टुडिओत आलं. आई-वडील, आणि नव्या साडीत अवघडलेली मुलगी. नाना काउंटरवर बसून वर्तमानपत्रात डोकं घालून होते. मी आत मोरीच्या भिंतीशी उभी होते, लेन्स पुसत. कॅमेऱ्याचा चामडी पट्टा माझ्या गळ्यात होता. सकाळी नानांनीच तो आपल्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला होता. आलेल्या माणसानं इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, फोटोग्राफर कुठं आहेत?

नानांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.

“स्वयंपाकघरात हाय ती,” ते म्हणाले. “बसा. ती सांगल तसं.”